फौजदाराला शहाणा म्हणू नये

तपासणीच्या टेबलावर कुत्रा आडवा झाला की माझी जीभ सुटते. तशी ती एरवीही बांधलेली नसते असं आमचे आबा म्हणतात, पण टेबलापाशी ती कामाला लागलेली असते. कुत्र्याला एका कुशीवर निजवायचं. टेबलाला छातीपाशी भलं मोठं भोक असतं, त्यातून खालून हात घालून छातीला सोनोग्राफीचा प्रोब लावायचा आणि समोरच्या पडद्यावर त्याचं हृदय उघडझाप करताना बघत मोजमापं घ्यायची. भूल देत नाही, कारण भुलीत हृदय वेगळंच वागतं. म्हणजे जागता कुत्रा एवढा वेळ गप्प पडून राहायला हवा. त्याला मोजमापं कळत नाहीत, आवाज कळतो. म्हणून मी बोलत राहते. "काय रे ढोल्या, रात्रपाळी करून आलास का?" "अगं बाई, किती हे केस, यात एक स्वेटर होईल." काहीही. कुत्र्याच्या मालकांनाही बरं वाटतं.

मी पशुवैद्यकीय कॉलेजच्या हृदयविभागात तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे काही वर्षं एक संशोधन चाललंय. मोठ्या देहाच्या, खोल छातीच्या एका जातीच्या कुत्र्यांमध्ये हृदयाचा एक आजार आईबापाकडून पिल्लांकडे येतो. हृदय हळूहळू सैल पडत जातं, धुवून धुवून ताणलेल्या बनियनसारखं. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. कुत्रा खातो, पळतो, पोस्टमनवर भुंकतो, आणि एक दिवस पळता पळता पडतो तो उठत नाही. म्हणून धडधाकट दिसणारी कुत्री बोलवायची, त्यांचं रक्त घ्यायचं, हृदय तपासायचं, आणि कुणाच्या रक्तात काय आहे नि कुणाच्या हृदयात काय, याची सांगड घालायची. हे काम आमच्या मॅडमचं. मी फक्त चित्रं काढते.

आणि आम्ही तंत्रज्ञांनी तोंड उघडायचं नाही, हा नियम. म्हणजे बडबड करायची, पण निकालाबद्दल ब्र काढायचा नाही. माझी चित्रं नंबर लावून मॅडमकडे जातात. कुत्रा कुणाचा, त्यांना माहीत नसतं. ओळखीपाळखीचा मुलाहिजा नको म्हणून. त्या वाचतात, मग नाव उघडतात, मग मालकाला बोलावून सांगतात. हा नियम मी चोख पाळते अशी माझी समजूत होती. कुत्री धरायला आमच्याकडे मामा आहेत. सगळ्या कॉलेजचे मामा. त्यांनी एकदा चहा पिताना सहज सांगितलं, "ताई, मालकांना सगळं आधीच कळतं. वाईट दिसलं की तुम्ही गप्प होता ना."

इतकी वर्षं मी तोंड मिटून सगळं सांगत होते म्हणायचं. त्या दिवसापासून ठरवलं, पडद्यावर काहीही दिसो, बडबड थांबवायची नाही. आणि जमलंही. मामांनी नंतर सर्टिफिकेट दिलं, "आता काही थांगपत्ता लागत नाही बघा."

आबा म्हणजे माझे वडील. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त होऊन जमाना झाला तरी गळ्यातली शिट्टी निघाली नाही, आणि सगळे अजून मास्तरच म्हणतात. आई गेल्यावर आबा खुर्चीत बसले ते उठेनातच. मी रागावून बघितलं, रडून बघितलं, डॉक्टर आणून बघितला. ढिम्म. शेवटी त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं एक पिल्लू आणून त्यांच्या मांडीत टाकलं. पिल्लानं पहिल्याच दिवशी घरातल्या खोल्याखोल्यांची झडती घेतली, आईचं कपाट उघडं होतं त्यातून एक चप्पल जप्त करून आणली. आबा किती महिन्यांनी हसले. त्याचं नाव फौजदार पडलं. पुढे कळलं की मांजर दिसलं की हा फौजदार आबांच्या पायांमागे दडी मारतो, पण तोवर हुद्दा देऊन झाला होता.

तेव्हापासून रोज सकाळी आबा आणि फौजदार शाळेच्या मैदानावर. आबा एका टोकाला उभे राहायचे, शिट्टी मारायचे, आणि हा काळा डोंगर दुसऱ्या टोकापासून जीव खाऊन सुटायचा. आबांच्या अंगावर येऊन आदळणार असं वाटायचं, पण ऐन वेळी पाय रोवून थांबायचा, धूळ उडवत. "ब्रेक बघितलेस का त्याचे?" आबा दर वेळी म्हणायचे. मी खरं सांगते, मला त्या कुत्र्याचं कौतुक नव्हतं, त्या शिट्टीचं होतं. ती वाजली की मला कळायचं, आबा आज खुर्चीत नाहीत.

फौजदाराचं नि माझं नातं मात्र सासू-सुनेचं. मी आबांच्या शेजारच्याच घरात राहते, त्यामुळे रोजचा संबंध. तो न्हाणीघरातले साबण चोरायचा. मी बोंबलायची, "अरे साबणचोरा! ऐतखाऊ! मेल्या, तुला पोसायचं म्हणजे पांढरा हत्ती पोसणं आहे!" मी जेवढी ओरडेन तेवढी त्याची शेपटी दाराच्या चौकटीवर फटाफट वाजायची. माझा आवाज कोपऱ्यावर आला की इकडे हा नाचायला लागायचा. दुसऱ्या कुणी प्रेमानं हाक मारली तर मान वळवायचा, मी शिवी दिली तर धावत यायचा. गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, याला तर शिवीच गूळ लागायची.

तर मॅडमना त्यांच्या कामासाठी निरोगी गट हवा होता. म्हणजे याच जातीची, वयानं पोक्त झालेली आणि तरीही ठणठणीत असलेली कुत्री. आजारी मिळत होती, म्हातारी ठणठणीत मिळत नव्हती. मी म्हटलं, "आमच्याकडे आहे एक रेडा. त्याला काहीही होत नाही, दुसऱ्यांना होतं." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "घेऊन ये त्याला."

आबांना हे सांगितलं तेव्हा त्यांची छाती दोन इंच फुगली. निरोगी गट! त्यांनी फौजदाराला आंघोळ घातली, स्वतः इस्त्रीचा शर्ट घातला आणि बक्षीस समारंभाला निघाल्यासारखे निघाले. वाटेत जो भेटेल त्याला सांगितलं, "आम्हाला कॉलेजनं बोलावलंय."

मामा त्या दिवशी एका घोड्याच्या मागे अडकले होते, म्हणून फौजदाराचं डोकं आबांनीच धरलं. मी पंजांना ईसीजीचे चिमटे लावले, जेल फासलं, प्रोब लावला. "चल रे ढोल्या, दाखव तुझं दिव्य काळीज. आत साबणाचा फेस सापडला तर याद राख." आबा खुसखुसले. फौजदाराची शेपटी टेबलावर आपटली.

मग पडदा उजळला.

पहिल्यांदा मला वाटलं, माझाच कोन चुकला. मी हात थोडा वळवला, पुन्हा लावला. डावा कप्पा मोठा होता. नको इतका मोठा. त्याच्या भिंती आत यायला निघत होत्या आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरत होत्या. खालच्या पट्टीवर ठोक्यांची रेघ चालली होती, सरळ, सरळ, सरळ, आणि मधेच एक रुंद, वाकडा ठोका. मी रोज असली हृदयं बघते.

पण मी थांबले नाही. मामांचं सर्टिफिकेट होतं मला. आबांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि ते पडद्याकडे बघतच नव्हते, त्यातलं त्यांना काही कळतही नव्हतं. ते बघत होते माझ्याकडे. मी सगळं मोजून होईपर्यंत बोलत राहिले. एक क्षणही खंड पडू दिला नाही. स्वतःचीच मला कमाल वाटली.

"झालं?" आबांनी विचारलं. "पास?"

"मॅडम सांगतील आबा. नियम आहे."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम." त्यांनी फौजदाराच्या छातीवरचं जेल आपल्या इस्त्रीच्या शर्टाच्या बाहीनं पुसलं. ठोक्यांची दिवसभराची नोंद ठेवणारं जाकीट आम्ही त्याच्या अंगात चढवलं. ते घालून तो खरोखरच फौजदार दिसत होता. आबा एक शब्द न बोलता त्याला घेऊन गेले. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडमनी मला आत बोलावलं. त्यांच्या पडद्यावर तेच हृदय होतं, वर नुसता नंबर. हातात चहाचा कप धरून त्या खुर्चीत पुढे सरकल्या होत्या. "हे बघ, काय सुंदर आलंय! बाहेर एकही लक्षण नाही, आणि आत हे. असं चित्र मी कित्येक महिने शोधत होते. परिषदेत पहिलं हेच दाखवणार." त्या खरंच आनंदात होत्या. मी म्हटलं, "हो मॅडम." मला त्यांचा इतका राग आला की कप हातातून घेऊन फोडावासा वाटला. आणि त्या रागाला कुठे जागाच नव्हती, कारण असल्या चित्राला मीही कितीदा सुंदर म्हटलंय. दुसऱ्याच्या कुत्र्याचं असतं तेव्हा ते सुंदरच असतं. मी तोंड दाबून बाहेर आले आणि आधीच धुतलेला प्रोब पुन्हा धुवत बसले.

संध्याकाळी घरी गेले तर आबांचं दार उघडं होतं. फौजदार नाचत आला. मी वाकून त्याचे कान कुरवाळले. "काय रे राजा, जेवलास का?"

"बस," आबा आतून म्हणाले. ते खुर्चीत होते. त्या खुर्चीत. "काय झालंय फौजदाराला?"

"आबा, निकाल मॅडम—"

"मॅडम गेल्या उडत. तू काल टेबलावर त्याला काय म्हणत होतीस?"

"काय म्हणणार? नेहमीचंच. बडबड."

"सुरुवातीला ढोल्या म्हणालीस. फेस सापडेल म्हणालीस. मग तू हात वळवलास, आणि तिथून पुढे शेवटपर्यंत, 'शहाणं बाळ माझं ते. किती गुणी. किती समजूतदार.'" आबांनी माझी नक्कल केली, पण ती त्यांना नीट जमली नाही. "इतक्या वर्षांत त्याला एकदा तरी शहाणा म्हणालीयस? आताही राजा म्हणालीस. साबण त्यानं आज सकाळीच खाल्लाय, त्याचा कागद तिथं तुझ्या पायाशी पडलाय."

मी खाली बघितलं. पडला होता.

"तुझी आई आजारी पडली, तेव्हाही तू अशीच गोड झालीस," आबा म्हणाले. "आठवडाभर तिच्याशी एक भांडण नाही. तिनं मला विचारलं, अहो, पोरीला डॉक्टरांनी काय सांगितलंय? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नाही तर मग ही मला शिळ्या चहावरून बोलत का नाही?"

मला हे माहीत नव्हतं. आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि मला हे माहीत नव्हतं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडले. फौजदार येऊन माझ्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. मग मी आबांना सगळं सांगितलं, नियम गेला खड्ड्यात. भिंती कशा अर्ध्यातून परत जातात, ठोका कसा वाकडा पडतो. आबा ऐकत होते आणि शिट्टी बोटांत फिरवत होते.

दोन दिवसांनी मॅडमनी नाव उघडलं आणि त्यांचा चेहरा पार उतरला. "मला का नाही बोललीस?" त्या म्हणाल्या. "तुमचाच नियम," मी म्हटलं. त्यांनी आबांना समोर बसवलं, स्वतःच्या हातानं पाणी दिलं, आणि नीट, सावकाश सांगितलं. दोन गोळ्या, सकाळ-संध्याकाळ. त्यानं हृदय थोडं जास्त दिवस तग धरतं. जाकिटातही वाकडे ठोके पुष्कळ सापडले, त्यासाठी आणखी एक गोळी. पळवायचं नाही. उत्साहात येऊ द्यायचं नाही.

"किती दिवस?" आबांनी विचारलं.

"सांगता येत नाही, मास्तर. कुणी वर्ष काढतं. कुणी..."

"आणि पळवलं नाही तर नाही ना पडणार?"

"धोका कमी होतो. जात नाही."

"मग बाई, तुम्ही तपासलंत कशाला?" आबांचा आवाज चढला नाही, पण पी.टी.च्या तासाला पोरं ज्या आवाजाला टरकायची तो हाच. "परवापर्यंत तो मजेत पळत होता, मी मजेत शिट्टी मारत होतो. तुम्ही सांगितलंत म्हणून त्याचं हृदय एका सुतानं तरी लहान झालं का?"

मॅडमनी नोंदवही पुढे ओढली. मग म्हणाल्या, "त्याची पिल्लं आहेत का कुठे?"

होती. तीन-चार वर्षांपूर्वी एकदा जोडी लावली होती, आणि पिल्लं आबांनी माणसं पारखून पारखून दिली होती. चष्मेवाल्याला, शिंपीणबाईंना, बँकेतल्या एका कॅशियरला, आणि कोपऱ्यावरच्या कुलूपवाल्याला. वाण चांगलं आहे, जपा, असं प्रत्येकाला बजावून.

त्या प्रत्येकाच्या दारात आबा स्वतः गेले. मी म्हटलं, कॉलेजकडून फोन जाईल. ते म्हणाले, "दिलं मी हातानं, सांगायचं फोननं?" कुलूपवाल्यानं दारातूनच परत पाठवलं. "मास्तर, कुत्रं चांगलं हुंदडतंय. तुम्हाला काय त्याला दृष्ट लावायचीय?" आबा म्हणाले, "माझंही हुंदडतच होतं रे," पण तोवर दार लागलं होतं. बाकीची तिघं आली. चष्मेवाल्याचं आणि कॅशियरचं रक्त स्वच्छ निघालं. शिंपीणबाईंच्या कुत्रीच्या, काळीच्या, रक्तात तो दोष होता. हृदय अजून ठीक होतं, रक्तात मात्र होता. बाई विचारायला लागल्या, "मग आता मी काय करू?" मॅडम म्हणाल्या, "दर वर्षी तपासायला आणा. पिल्लं होऊ देऊ नका." "ते ठीक आहे, पण मी काय करू?" आबा त्यांना बाहेरपर्यंत सोडायला गेले.

आमचं घर आजारी माणसाचं घर झालं. शिट्टी आबांनी टेबलाच्या खणात टाकली. सकाळी फौजदाराला पट्टा लावून गल्लीतून हळूहळू फिरवायचे. मैदानाच्या फाटकापाशी आला की तो थांबायचा, आबांच्या गळ्याकडे बघायचा. आबा म्हणायचे, "चल." तो चालायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबायचा. त्याला वाटत असणार की आपण काहीतरी गुन्हा केलाय. कुत्र्याला कसं समजावून सांगायचं की बाबा रे, तुझा काही दोष नाही, तुझ्या बापाच्या बापापासून हे चालत आलंय? माणसाला तरी कुठे समजतं?

एकदा मी कामावरून आले आणि सवयीनं ओरडले, "कुठे मेला तो ऐतखाऊ?" आतून धडपड ऐकू आली. फौजदार सुसाट आला, माझ्याभोवती दोन गिरक्या घेतल्या, दोन पायांवर उभा राहिला. आणि मग त्याचे मागचे पाय कुणीतरी खालून काढून घेतल्यासारखे दुमडले. तो कोसळला. डोळे उघडे, जीभ पांढरी. मी त्याच्या छातीवर हात ठेवला आणि माझ्या हाताला काही म्हणजे काही लागेना. मी हृदयविभागात काम करते, आणि मी तिथे नुसती "आबा, आबा" करत बसले. थोड्या वेळानं तो आपला आपणच उठला, अंग झटकलं, आणि पुन्हा शेपटी हलवायला लागला. पुढच्या शिवीसाठी.

त्या दिवसापासून मी शिव्या बंद केल्या. 'मेल्या' हा शब्द तर जिभेवरून खरवडून काढला. दारात आले की हळूच, "ये रे सोन्या. बस रे सोन्या." पहिले काही दिवस तो कान टवकारून वाट बघायचा, आता येईल, मग येईल. मग वाट बघेनासा झाला. मी आले तरी जागचा उठेना. मॅडमना बरं वाटलं, शांत राहतोय म्हणून. मला मात्र घरात शिरणं नकोसं झालं. माझा आवाज कोपऱ्यावर आला की नाचणारं जगात एकच जनावर होतं, आणि त्याला मी औषधासारखी गोड लागायला लागले होते.

तीन महिन्यांनी फेरतपासणी होती. फौजदार वाळला होता. टेबलावर आम्ही निजवला तर अजिबात धडपड केली नाही. त्याचं धडपड न करणं मला बघवेना. आबा डोक्यापाशी, मामा मागच्या पायांपाशी, मॅडम दाराला टेकून. मी टेबलाखालून हात घातला. पडद्यावर ते हृदय आलं. आणखी मोठं, आणखी आळशी. भिंती आता अर्ध्या वाटेपर्यंतही येत नव्हत्या.

"शांत पड हं सोन्या," मी म्हटलं. "झालंच."

फौजदार भिंतीकडे बघत होता.

"हा तुला ओळखत नाही आता," आबा म्हणाले. "याला वाटतं, ही गोड बोलणारी बाई कोण, आणि आपली ती कजाग कुठे गेली."

"आबा, त्याला त्रास होईल."

"तो तर होणारच आहे. बोल त्याच्याशी. नेहमीसारखं."

मी मॅडमकडे बघितलं. त्या नको म्हणतील याची मी वाट बघत होते. त्यांनी नजर पडद्यावर ठेवली. त्यांनाही माहीत होतं की आता जपण्यासारखं फार उरलेलं नाही.

"काय रे," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं, "काय रे ऐतखाऊ. टेबलावर काय महाराजासारखा पसरलायस? घरात काडीचं काम नको, बाहेर मांजराला घाबरतोस, आणि नाव काय तर फौजदार!"

एक कान हलला. मग डोकं वळलं. मग मामांच्या मनगटावर काहीतरी आपटलं. "अरे!" मामा म्हणाले. शेपटी होती. आधी एकदा. मग फटाफट, पत्र्याच्या टेबलावर, पूर्वी चौकटीवर वाजायची तशी.

पडद्यावर ते आळशी हृदय जागं झालं. भराभरा चालायला लागलं, जमेल तेवढं आत येऊन, धापा टाकत. आणि खालच्या रेघेत वाकडा ठोका पडला. आणखी एक. मग दोन लागोपाठ. मी गप्प झाले. पुष्कळ महिन्यांनी पहिल्यांदा, टेबलापाशी, अगदी गप्प.

आबा पडद्याकडे बघत होते. आता त्यांना ती रेघ वाचता यायची, मीच शिकवली होती.

"वाकडे पडतायत?"

"हो."

"तुझ्या बोलण्यानं?"

"हो आबा."

आबांनी फौजदाराच्या तोंडाकडे बघितलं, मग शेपटीकडे. त्यांचे हात त्याच्या मानेवर घट्ट होते.

"थांबू नकोस," ते म्हणाले. "तो ऐकतोय."

फौजदार मान उचलून, जीभ बाहेर काढून, माझ्याकडे बघत होता. कधी नव्हे इतका चकाकणारा डोळा. माझा एक हात टेबलाखाली त्याच्या काळजाला लागलेला होता.

"साबणचोरा," मी म्हणाले, आणि पडद्याकडे बघितलं नाही.